ओपन इलेक्टिव्ह निवडताना विषयाचे नाव नव्हे, विद्याशाखा पाहावी

बारावीचा निकाल लागला की ओळखीतली मुले पदवी प्रवेशाविषयी विचारायला येतात, आणि मेजर म्हणजे मुख्य विषय ठरून गेल्यावर बहुतेकांचे घोडे ओपन इलेक्टिव्हपाशी, म्हणजे त्याच्या जोडीला घ्यायच्या खुल्या ऐच्छिक विषयापाशी अडते. मेजरहून वेगळा कोणताही विषय घेतला की झाले, अशी त्यांची समजूत असते. ती अपुरी आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीसाठी राज्य शासनाने एप्रिल २०२३ मध्ये काढलेल्या निर्णयानुसार ओपन इलेक्टिव्ह हा विषय मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच असावा लागतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास अशा चार विद्याशाखा आहेत, आणि आपले पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठही याच कायद्याखाली येते. त्यामुळे इतिहास मेजर असलेल्या विद्यार्थ्याने अर्थशास्त्र घेतले, तर विषय वेगळा असूनही विद्याशाखा तीच राहते आणि त्याचे श्रेयांक (क्रेडिट) ओपन इलेक्टिव्हच्या रकान्यात धरता येत नाहीत. मायनर म्हणजे दुय्यम विषय म्हणून मात्र तोच विषय चालू शकतो, कारण मायनर त्याच विद्याशाखेतूनही घेता येतो. समजा, यंत्रमागाच्या घरातल्या एखाद्या मुलाला रंगरसायनांची गोडी आहे. तो बी.कॉम. करत असेल, तर रसायनशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम त्याला ओपन इलेक्टिव्ह म्हणून मोजून मिळेल. त्याची बहीण भौतिकशास्त्रात बी.एस्सी. करत असेल, तर तिला तो मिळणार नाही. अभ्यासक्रम एकच, पण त्याची मोजणी विद्यार्थ्यागणिक बदलते, ही गोष्ट प्रवेशाच्या वेळीच समजावून सांगायला हवी.

भारतीय ज्ञानप्रणाली, मूल्यशिक्षण आणि भाषा यांचे श्रेयांक स्वतंत्र असतात. एका रकान्यातील जादा श्रेयांक दुसऱ्यातील तूट भरून काढत नाहीत, म्हणून एकूण बेरीज जुळली तरी पदवी अडू शकते.

केंद्र शासनाच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन शिक्षणमंचावरील अभ्यासक्रमांचे श्रेयांकही धरता येतात, परंतु आपला अभ्यासक्रम कोणत्या रकान्यात जाईल याची महाविद्यालयाकडून आधी लेखी खात्री करून घ्यावी, नुसते प्रमाणपत्र हाती असणे पुरेसे नाही.

माझी खरी तक्रार निवडीविषयी आहे. शासनाने मुभा दिली असली, तरी लहान महाविद्यालयात ज्या प्राध्यापकांचे तास रिकामे असतात त्यांचेच विषय यादीत येतात, आणि एकाच विद्याशाखेचे महाविद्यालय असेल तर बाहेरचा विषय शिकवणार कोण, हा प्रश्न उरतोच. अशा ठिकाणी प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी पहिल्या दोन सत्रांची ओपन इलेक्टिव्हची यादी मागून घ्यावी.