कूलिंग वॉटरमध्ये स्केलपेक्षा बुळबुळीत थराला जास्त घाबरा

कूलिंग टॉवरचं, म्हणजे कारखान्यात तापलेलं पाणी गार करून पुन्हा फिरवणाऱ्या टॉवरचं पाणी म्हटलं की सगळे आधी स्केलबद्दल, म्हणजे क्षारांच्या कडक थराबद्दल बोलतात, हार्डनेस किती, टीडीएस (विरघळलेले क्षार) किती, ब्लोडाऊन केलं का, म्हणजे क्षार साठलेलं थोडं पाणी सोडून दिलं का. ते बरोबरच आहे म्हणा, पाणी साधारण 6 डिग्रीने थंड करायला त्यातलं जवळपास 1 टक्का वाफ होऊन जातं आणि क्षार मागेच राहतात, शिवाय कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळतं त्यामुळे नेमकं एक्सचेंजरच्या, म्हणजे जिथे हे पाणी उष्णता घेतं त्या उपकरणाच्या, गरम ट्यूबवरच जाऊन बसतं.

पण माझं स्पष्ट मत आहे की जास्त नुकसान बायोफिल्म करतं, म्हणजे बोट फिरवलं की हाताला लागतो तो बुळबुळीत थर. तो बहुतेक पाण्याचाच असतो पण जागेवर अडकलेल्या पाण्याचा, म्हणून तेवढ्याच जाडीच्या स्केलपेक्षा तो उष्णता जास्त अडवतो. वरून धूळ, गंज, गाळ सगळं त्याला चिकटतं, खाली ऑक्सिजन संपतो आणि तिथे सल्फेटवर जगणारे बॅक्टेरिया धातूला खड्डे पाडत राहतात, बाहेरून काहीच दिसत नाही.

जंतू मारायला क्लोरीन देतात, पण बेसिनच्या (टॉवरखालच्या टाकीच्या) पाण्यात फ्री क्लोरीन, म्हणजे अजून कशाशी न बांधलेलं क्लोरीन, मिळालं म्हणजे झालं असं नाही हो! पाण्यातले जंतू मेले तरी ट्यूबला चिकटलेले जिवंत असू शकतात. पीएच 8.5 च्या आसपास असेल तर क्लोरीनमधला खरा मारक भाग, हायपोक्लोरस ॲसिड, जेमतेम दहावा हिस्सा उरतो, अशा ठिकाणी ब्रोमीन बरं पडतं. सोबत बायोडिस्पर्संट, म्हणजे थर सैल करणारं रसायन, पाहिजेच, थर सुटला तर औषध आत पोचणार ना.

आणि एक गोष्ट फार कळकळीने सांगतो, क्लोरीनचा खप अचानक वाढला तर नुसता डोस वाढवत बसू नका, आधी एक्सचेंजर लीक आहे का बघा. अमोनिया आला तर तो क्लोरीनला बांधून टाकतो, तेल आलं तर ते जंतूंचं खाद्यच, मग कितीही हायपो (क्लोरीनचं द्रावण) ओता, थर वाढतच राहतो. एकेक एक्सचेंजरच्या रिटर्न लाइनचं सॅम्पल घ्या, वेळ लागतो पण चोर सापडतो.

साइडस्ट्रीम फिल्टर, म्हणजे फिरत्या पाण्याचा थोडा भाग गाळत राहणारा फिल्टर, असेल तर बंद ठेवू नका, गाळ तिथेच निघतो.

टॉवर धुताना मास्क न लावता प्रेशर जेट मारणारी माणसं बघितली की जीव खालीवर होतो. त्या फवाऱ्यातून लिजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जंतू फुप्फुसात जाऊ शकतो, 1976 मध्ये फिलाडेल्फियात त्याच्या साथीने माणसं दगावली होती. आधी क्लोरीन देऊन पाणी फिरवा, पंखे बंद करा, मास्क लावा, मगच जेट हातात घ्या.