अण्णांचा ऐंशीवा वाढदिवस आणि बँकेची खिडकी: माझा अनुभव

वाढदिवसाला उदास बसलेल्या माणसाला काय म्हणायचं, याचे सल्ले सगळ्यांकडे असतात. आमच्यात ते सगळ्यात जास्त माझ्या नणंदेकडे आहेत. ‘अण्णांना जरा पॉझिटिव्ह ठेवा गं,’ असं ती नाशकातून दर फोनला सांगायची. अण्णा आमच्याकडे, पुण्यात. त्यांना पॉझिटिव्ह ठेवायचं म्हणजे नक्की कुठे ठेवायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

अण्णा म्हणजे माझे सासरे. सगळी नोकरी हवामान खात्यात, २००४ साली सिमला ऑफिसातून निवृत्त. (बाहेरगावच्यांसाठी: खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरची ती दगडी इमारत पुणेकरांच्या तोंडी अजून सिमला ऑफिसच आहे.) २०२४च्या नोव्हेंबरात त्यांना ऐंशी पूर्ण व्हायची होती. सासूबाई गेल्यापासून ते मिटतच गेले होते. पूर्वी पेपर आला की आधी किमान तापमानाचा तक्ता बघून ‘हे लोहगावचं दिलंय, शिवाजीनगरचं नाही’ म्हणून करवादायचे. ते बंद झालं. वाढदिवसाचं नाव काढलं की, ‘पुरे झालं आता. कशाला वाढवताय?’

डॉक्टर, रक्ताच्या तपासण्या, कानाचं मशीन हे सगळं सरळ पार पडलं. बी-१२ कमी निघालं, आणि ऐकू येत नाही म्हणून माणूस बोलायचा थांबला होता हेही निघालं. तेव्हा उपदेशाच्या आधी कान तपासा. पण खरी गाडी अडली ती बँकेत.

नोव्हेंबर म्हणजे हयातीचा दाखला, पेन्शन चालू राहावी म्हणून जिवंत असल्याचा दरवर्षी द्यायचा पुरावा. (केंद्र सरकारच्या पेन्शनरांना ऐंशी पूर्ण झाली की १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, म्हणजे त्यापुढच्या वर्षीपासून गर्दी टळणार होती.) वाढदिवसाच्या आठवड्यातच अण्णांना रिक्षाने शाखेत नेलं. रांग, टोकन, मग खिडकी. खिडकीवर ठशांचं मशीन. उजवा अंगठा लागला नाही. डावा नाही. मग तर्जनी. ‘आजोबा, बोट पुसा. जोरात दाबा. एवढं जोरात नको.’ अण्णा रुमालाने एकेक बोट पुसत होते, शाळेतल्या मुलाने पाटी पुसावी तसे. या वयात बोटांवरच्या रेषा झिजतात, त्यात नवल काहीच नाही, पण खिडकीमागच्या बाईंचा चेहरा असा की अण्णांनी मुद्दाम घासून आणल्यात. शेवटी, ‘यांचे ठसे येत नाहीयेत. सोमवारी बघा.’

समोर खुर्चीत बसलेला माणूस जिवंत आहे, हे अधिकाऱ्याने सही करून द्यायला साधा कागदी फॉर्म असतो. तो हातात दिला असता तर काम तिथेच संपलं असतं. कुणी दिला नाही. हे मला नंतर शेजारच्या निवृत्त मास्तरांनी सांगितलं, आणि अजून आठवलं की डोकं तापतं.

रिक्षात अण्णा एवढंच म्हणाले, ‘मशीनलासुद्धा खात्री नाही.’

आता अशा वेळी नणंदेच्या पद्धतीने ‘असं बोलू नये अण्णा’ म्हणायचं असतं. मी म्हटलं, ‘मशीन भंगार आहे.’ ते जरासे हसले असं मला वाटलं.

दाखल्याचं शेवटी घरीच झालं. जीवन प्रमाण या सरकारी ॲपवर चेहरा दाखवून दाखला निघतो, त्यासोबत आधारचं फेस आरडी ॲप लागतं. आधी ज्याच्या फोनवरून करायचं त्याची नोंद होते, मग पेन्शनरचं नाव, पीपीओ (म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश) नंबर, खाते नंबर. नाव आधारवर आहे तसंच घाला, एका अक्षरावरून अडतं. खिडकीकडे पाठ करून बसवू नका, चेहऱ्यावर उजेड हवा. आणि डोळ्यांची उघडझाप करायला सांगतं तेव्हा चष्मा काढलेला बरा. अण्णा आधी पापणी लववेचनात, मग थांबवेचनात. नातीला हसू आवरेना. मेसेजमध्ये प्रमाण आयडी आला, सुटलो. हेही जमत नसेल तर पोस्टमन घरी येऊन करून देतो, आम्ही चौकशी केली तेव्हा ७० रुपये होते.

पण बँक संपली नव्हती. केंद्राच्या पेन्शनरला ऐंशी पूर्ण झाली की मूळ पेन्शनच्या २० टक्के जादा मिळतं, पंच्याऐंशीला ३०, नव्वदला ४०, पंच्याण्णवला ५०, आणि शंभरीला १०० टक्के. ज्या महिन्यात ऐंशी पूर्ण होतात त्या महिन्याच्या १ तारखेपासून, आणि त्यावर महागाई भत्ताही. बँकेने ते आपणहून सुरू करावं म्हणून तर पीपीओवर जन्मतारीख छापलेली असते. आमच्या शाखेत उत्तर मिळालं, ‘वयाचा पुरावा आणा. शाळा सोडल्याचा दाखला चालेल.’ ऐंशी वर्षांच्या माणसाला शाळा सोडल्याचा दाखला! अण्णांनी हात झटकले. ‘राहू दे. मला काय करायचंय वीस टक्के घेऊन?’

(जाता जाता: पैसे कागदावरच्या तारखेप्रमाणे मिळतात. शाळेत नाव घालताना तिथल्या मास्तरांनी टाकलेली १ जूनची जन्मतारीख घेऊन वावरणारे आपल्याकडे घराघरात आहेत. त्यांनी हिशोब त्या तारखेने करावा, आणि घरच्यांनी औक्षण खऱ्या तारखेला. अण्णांच्या दोन्ही एकच, एवढं एक सोपं होतं.)

वाढदिवसाच्या सकाळी औक्षण केलं. अण्णा पाटावर बसले, पण ओवाळून होईपर्यंत नजर खाली. सुपारी आणि अंगठी ताम्हनात ठेवतेय तोच त्यांचा फोन वाजला. मेसेज होता. त्याच बँकेचा. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.

मी मोठ्याने वाचला. अण्णांनी मान वर केली. ‘परत वाच.’ परत वाचला.

‘म्हणजे यांना माझी जन्मतारीख माहीत आहे?’

मग म्हणाले, ‘फुलस्केप आहे का घरात?’

श्रीखंड-पुरी टेबलावर, आणि अण्णा लिहितायत. प्रति, विषय, संदर्भ, मुद्दे क्रमांक घालून. सेवेत असताना सकाळी साडेआठचं पर्जन्यमान ज्या अक्षरात लिहीत असतील त्याच अक्षरात. मुद्दा तीनमध्ये, आपल्या बँकेस माझा जन्मदिनांक ज्ञात असून त्यानिमित्त आपण आज सकाळी मला शुभेच्छा दिल्या आहेत, प्रत सोबत जोडली आहे. नातीकडून त्या मेसेजची प्रिंट काढून घेतली. माझ्या नवऱ्याने ‘कृपया’ अजून एकदा घालू का विचारलं, तर ‘एकदा पुरे’ म्हणाले. पुऱ्या गार झाल्या. गारच खाल्ल्या, चार.

दुसऱ्या दिवशी खिडकीपर्यंत ते एकटे गेले, आम्ही मागे बाकावर. अर्ज दोन प्रतींत, दुसरीवर पोच. बाई म्हणाल्या, ठेवून जा. अण्णा म्हणाले, शिक्का. बाई म्हणाल्या, नंतर मारू. अण्णा तिथेच उभे राहिले, मागे रांग वाढली, मग शिक्का बसला, तारखेसकट. पोच घ्याच, त्याशिवाय पुढे सीपेनग्राम्सवर (केंद्राच्या पेन्शनरांच्या तक्रारींचं पोर्टल) तक्रार करायची वेळ आली तर हातात काही नसतं. आम्हाला ती वेळ आली नाही. नोव्हेंबरच्या पेन्शनमध्ये जादा रक्कम नव्हती, डिसेंबरच्या पेन्शनमध्ये मागच्या फरकासह आली.

अर्ज मी टाइप करून दिला असता, नवऱ्याने सहीला पुढे केला असता, तर कामही झालं असतं आणि अण्णा परत भिंतीकडे तोंड करून पडले असते, असं माझं स्पष्ट मत आहे. घरातलं म्हातारं माणूस हळूहळू फक्त सही करणारं होऊन जातं. केक आणि व्हॉट्सॲपचे गुलाब त्याला पुरत नाहीत.

अण्णा बदलून गेले असं मात्र नाही. वाईट दिवस येतात, अजून. आणि एक मधेच सांगायचं राहिलं: ‘पुरे झालं’ म्हणणं वेगळं आणि गोळ्या साठवणं, निरवानिरव करणं वेगळं. तसं काही दिसलं तर अर्ज-बिर्ज बाजूला ठेवून थेट डॉक्टर गाठा. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ रात्रीही चालतो. ज्येष्ठांच्या बाकी अडचणींसाठी १४५६७ आहे.

नणंदेने वाढदिवसाला जोडून सहस्रचंद्रदर्शन ठरवून टाकलं होतं, अण्णांची तब्येत बघून पुढे ढकललेलं. पैसे जमा झाले त्या आठवड्यात तिचा फोन आला, आता करून टाकूया. अण्णांनी फोन स्वतः घेतला. ऐंशीला हजार पौर्णिमा होत नाहीत, एक महिना २९.५३ दिवसांचा, जन्मानंतरची पहिली पौर्णिमा ३० नोव्हेंबर १९४४ची, तिथून मोजत ये, हजारावी ७ सप्टेंबर २०२५ला पडते. तिकडे शांतता. नातीने मोबाइलवर बघितलं तर त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण, आणि लगेच पितृपक्ष. नणंद म्हणाली, ग्रहणात कसलं चंद्रदर्शन अण्णा! अण्णा म्हणाले, ‘मी बघणार. ढग असतील, भाद्रपद आहे, पण बघणार. तुझं जेवण घटस्थापनेनंतर ठेव.’

कॅटररला फोन मलाच करावा लागला. आगाऊ रक्कम त्याने परत दिली नाही, पुढच्या तारखेला धरली.