पात्याचा उतरलेला सूर

श्रावणात आमच्या दुकानातील पंपांचे काम थंडावलेले असते. विहिरी भरलेल्या असतात, शेताला पाणी ओढावे लागत नाही, त्यामुळे मोटर वाइंडिंगच्या टेबलावर फवारणीचे पंप आणि एखाद्या पिठाच्या चक्कीची मोटर यापलीकडे फारसे काही नसते. अशाच एका सकाळी सेलू तालुक्यातील एका गावाहून सुतार काकाजींच्या मुलाचा फोन आला. त्यांचे जाळीचे मशीन, म्हणजे लाकडात नक्षी कापणारी बारीक पात्याची यंत्र-करवत (स्क्रोल सॉ), ठोके देत होते. ते दुरुस्त होण्यासारखे आहे की नवीन घ्यावे, एवढेच मी येऊन सांगावे अशी त्याची अपेक्षा होती. पोळ्याला अकरा दिवस उरले होते.

हे अकरा दिवस का महत्त्वाचे, ते विदर्भाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. मुले चाकांवरचे लाकडी नंदी सजवून दोरीने ओढत नेतात आणि घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. नागपूरकर भोसल्यांनी 1806 मध्ये ही प्रथा सुरू केली, असे सांगितले जाते. वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा तर सगळ्या पंचक्रोशीत नावाजलेला आहे. काकाजींकडे त्या वर्षी एकशे वीस नंदींची मागणी होती आणि त्यांतील सत्तर अजून फळीवर पेन्सिलीने आखलेल्या रेषांतच होते. वर्षभर ते सागाच्या देवघरांना जाळ्या कापून देतात, परंतु रोख पैसा हातात येतो तो या पंधरवड्यात.

मी पोहोचलो तेव्हा काकाजींनी मशीन बंद करून ठेवले होते. सोळा इंची, बिडाच्या बैठकीचे, वर-खाली दोन समांतर आर्म असलेले हे यंत्र त्यांनी अठरा वर्षांपूर्वी जुनेच विकत घेतले होते. वेग कमी-जास्त करण्याची सोय त्यात नाही. साधी एकफेजी मोटर मिनिटाला सुमारे चौदाशे फेरे घेते आणि प्रत्येक फेऱ्याला पाते एकदा वर-खाली जाते.

"ठोका मोटरचा नाही जी, मी कान लावून पाह्यला," काकाजी म्हणाले. "आन् पाह्य ना, नंदीचे पाय कसे निघून राह्यले."

त्यांनी कापलेला नंदी पाटावर ठेवला, तर तो डुलत होता. दीड इंची फळीवर वरून अगदी रेषेवर दिसणारा काप खालच्या बाजूस जवळजवळ एक सूत सरकलेला होता. मुलाने दरम्यान मोबाइलवर नवी यंत्रे काढून ठेवली होती आणि ती अकरा हजारांपासून सोळा हजारांपर्यंत होती.

मी वरचा आर्म टोकाला धरून आडवा हलवला. तो हलला. आर्म ज्या पिनवर झुलतो, तिचे दोन्ही बाजूंचे पितळी बुश, म्हणजे पिन ज्यांत बसते त्या आखूड नळ्या, झिजल्याची ही खूण होती. उघडून व्हर्नियर लावले तेव्हा बुशचे गोल छिद्र लांबट होऊन एका दिशेने 0.3 मिलिमीटर वाढलेले दिसले. एवढ्याशा झिजेने नंदीचा पाय कसा वाकडा होईल, असे मुलाने विचारले, तेव्हा मी त्याला हिशेब मांडून दाखवला: दोन बुशांमधले अंतर 40 मिलिमीटर आणि आर्मची लांबी 400, म्हणजे मागची झीज पुढच्या टोकाला दहापट होते आणि 0.3 चे 3 मिलिमीटर होतात. सुताराच्या मापात तेच एक सूत. हा हिशेब जुळल्यावर मला स्वतःलाच फार बरे वाटले, आणि येथेच माझी चूक झाली. बुश हा झिजण्यासाठीच बसवलेला भाग आहे, तो बदलायचा असतो, त्यासाठी कोणी मशीन टाकून देत नाही, असे लहानसे प्रवचन देऊन मी दहा मिनिटांत निकाल दिला की नवीन घेऊ नका, दुरुस्तच करा. काकाजींचा चेहरा खुलला. मुलगा मात्र काही बोलला नाही.

मी मोटरसायकलने वर्ध्याला गेलो, ओळखीच्या लेथवर गनमेटलचे चार बुश कातून घेतले, कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग घेतले आणि मोटर सुरू होताना घुंघुं करत होती म्हणून नवा कपॅसिटरही घेतला. सगळे मिळून नऊशे रुपयांच्या आत बसले. दुपारी दोनच्या सुमारास मशीन पुन्हा जुळले. ठोका गेला होता, आर्म हलत नव्हता. काकाजींनी शिवण लाकडाच्या फळीचा एक तुकडा कापला आणि गुण्या लावून पाहिला. काप काटकोनात होता.

पाते चढवल्यावर काकाजी ते बोटाने छेडतात. गावच्या खंजिरी भजन मंडळात ते एकतारी धरतात, त्यामुळे पात्याचा ताण ते मापाने नव्हे, सुराने ओळखतात. दोन नंदी कापून झाल्यावर त्यांनी मशीन थांबवले, पाते पुन्हा छेडले आणि म्हणाले, "सूर उतरला."

नवे पाते सुरुवातीला किंचित ताणले जातेच, असे मी म्हणालो, आणि ते खोटे नाही. त्यांनी मागची ताणाची फिरकी आवळून सूर पुन्हा चढवला. आणखी एक नंदी कापला आणि सूर पुन्हा उतरला. दुसरे पाते घातले, तरीही तेच. पाते पकडीतून सरकत असावे, अशी शंका घ्यावी, तर या मशीनला टोकाला आडवी पिन असलेलीच पाती लागतात. पिन खाचेत अडकलेली असते, ती सरकणार कुठे? पाते सरकत नाही, ताणाची फिरकी ढिली होत नाही, बुश नवे आहेत, आणि तरीही ताण कमी होतो. म्हणजे त्या ताणाखाली दुसरेच काहीतरी लवत होते.

लवण्यासारखा एकच भाग उरला होता, तो म्हणजे खुद्द आर्म. बुश बदलताना तो माझ्या हातात होता, परंतु त्यावर रंगाचे दोन थर आणि वर्षानुवर्षांचे ग्रीस-भुशाचे किटण होते, आणि मी फक्त छिद्र पुसून माप घेतले होते. आता तो पुन्हा काढला, थिनरने घासून रंग उतरवला, काही वेळ रॉकेलमध्ये बुडवून ठेवला, कोरडा पुसला आणि त्यावर खडूची पूड चोळली. चीर असेल तर तिच्यात शिरलेले रॉकेल हळूहळू बाहेर येते आणि पांढऱ्या खडूवर रेघ उमटते. यंत्रे नव्हती तेव्हा रेल्वेच्या कारखान्यांत गाड्यांच्या धुऱ्या तेल आणि खडू वापरून अशाच तपासत असत. काकूंनी दिलेला चहा संपण्याच्या आत पिनच्या छिद्राच्या वरच्या काठापासून वर चढणारी एक बारीक, ओलसर काळी रेघ खडूवर दिसू लागली. तिघेही ती पाहत उभे राहिलो.

चीर तेथेच का पडावी, हे समजायला कठीण नव्हते. ताणाच्या स्थितीत पाते आर्मचे टोक खाली ओढत असते, त्यामुळे आर्मच्या वरच्या अंगावर सतत ओढ येते, आणि छिद्रापाशी धातू सर्वांत कमी असतो. त्यातच मिनिटाला चौदाशे हिसके, म्हणजे तासाला 84 हजार. बीड दाब उत्तम सोसते, ओढ सोसत नाही. बुश झिजल्यापासून प्रत्येक फेऱ्याला बसणाऱ्या ठोक्याने उरलेले काम केले असावे.

मुलाने विचारले की वेल्डिंग होणार नाही का. बिडाचे वेल्डिंग होते. पितळी कांडीने ब्रेझिंगही होते, आणि पंपांच्या फुटलेल्या घरांना मी ते अनेकदा केले आहे. परंतु पंपाचे घर जागेवर बसलेले असते. हा आर्म हलतो, शिवाय तापवून थंड होताना तो केसभर जरी मुरडला तरी वरचा आणि खालचा आर्म समांतर राहणार नाहीत. आणि मुख्य म्हणजे कापताना काकाजींचा चेहरा त्या आर्मपासून हातभर अंतरावर असतो. मी नाही म्हणालो. तसाच दुसरा आर्म मिळतो का, म्हणून नागपूरला दोन ठिकाणी फोन केले. हे मॉडेल कित्येक वर्षांपूर्वीच बंद झाले होते.

सकाळी दिलेला निकाल संध्याकाळी चार वाजता मला परत घ्यावा लागला. गिऱ्हाइकापुढे असे बोलणे सोपे नसते. विशेषतः नऊशे रुपयांचे सामान बसवून झाल्यावर. काकाजी रागावले नाहीत. ते ओट्यावर बसले आणि म्हणाले, "तडा आहे त आहे. तू नसता पाह्यला तरी होताच ना जी."

जुने मशीनच हळू चालवून हे सत्तर नंदी तरी काढून घ्यावेत, असा एक विचार त्यांच्या मनात होता आणि तो अगदीच चुकीचा नव्हता, कारण चीर एका दिवसात पडलेली नव्हती. परंतु त्या मशीनला हळू चालणे माहीतच नव्हते, आणि ताण कमी ठेवावा तर काप पुन्हा वाकडा येणार. मुलगा दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने नागपूरला गेला आणि इतवारीतून साडेतेरा हजारांचे नवे यंत्र घेऊन संध्याकाळी परतला. त्यातील सहा हजार एका देवघराच्या विसारातून आले, उरलेले कुठून आले ते मी विचारले नाही.

नव्या यंत्राबद्दल माझे मत फारसे चांगले नव्हते, आणि काही बाबतींत आजही नाही. त्याची बैठक हलकी आहे, ती जाड फळीवर बोल्टने घट्ट आवळल्याशिवाय थरथर थांबत नाही. वेग बदलणारी मोटर कार्बन ब्रशची आहे आणि तिच्या मागे इलेक्ट्रॉनिक कार्ड आहे. गावात संध्याकाळी दाब 180 व्होल्टपर्यंत उतरतो. जुन्या मोटरची ताकद त्या वेळी साठ टक्क्यांवर येत असे, कारण ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, पण बिचारी तापत का होईना चालत असे. कार्डाचा भरवसा मी देऊ शकत नाही. म्हणून ब्रशची एक जोडी आताच आणून ठेवा, आणि दिवेलागणीनंतर मशीन लावू नका, असे मी त्यांना सांगून ठेवले आहे. जुन्या मशीनमध्ये बसवलेल्या बुशांचे पैसे मी घेतले नाहीत. बेअरिंगचे आणि कपॅसिटरचे घेतले, कारण ती मोटर आता नंदींची शिंगे घासण्याच्या चकतीला जोडलेली आहे.

तान्हा पोळा झाल्यावर आठवड्याने मी जुना सांगाडा पाहायला गेलो, तेव्हा काकाजींनी एक सागाची जाळी उजेडात धरून दाखवली. जुन्या मशीनला पिनचीच पाती लागत असल्यामुळे जाळीच्या प्रत्येक डोळ्यासाठी आधी पाच मिलिमीटरच्या आसपास छिद्र पाडावे लागे आणि त्याहून लहान डोळा त्यांना कापताच येत नसे. नव्या मशीनमध्ये साधे, बिनपिनचे पातेही बसते. ते बारीक गिरमिटाच्या छिद्रातून जाते. त्या जाळीतल्या वेलाच्या पानांना शिरा होत्या. अठरा वर्षे हे काम करणाऱ्या माणसाने त्या शिरा प्रथमच कापल्या होत्या. सकाळच्या त्या दहा मिनिटांत मी बुश मोजला होता, किमतीची बेरीज-वजाबाकी केली होती. त्यांना काय कापायचे आहे, हे मात्र विचारले नव्हते. सागात वाळूसारखा सिलिका असतो आणि त्याने पात्याची धार लवकर जाते, त्यामुळे बारीक पाती जास्त लागतात, अशी त्यांची नवी तक्रार आहे. ती रास्त आहे.

तडा गेलेला आर्म मी दुकानात आणला आणि चीर किती खोल गेली होती, हे पाहण्यासाठी ऐरणीवर ठेवून हातोड्याने मोडला. एकाच घावात त्याचे दोन तुकडे झाले. मोडलेल्या तोंडाचा बहुतेक भाग तेलाने काळा पडलेला होता. ताज्या मोडीचा राखाडी, चमकदार धातू खालच्या काठाशी होता, करंगळीच्या नखाएवढा.