ठिगळांची गाडी

एखाद्या रेल्वेने गाड्यांचा रंग बदलायचं ठरवलं की बातमीसोबत एक चित्र येतं. मी बातमी नंतर वाचते, चित्र आधी बघते. ते नेहमी एकाच साच्याचं असतं: बाजूने दिसणारी, इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत अखंड गाडी, मागे कोरं पान आणि खिडक्यांखालून असा पट्टा गेलेला की फूटपट्टीने लाजावं. देखणी दिसते, वाद नाही. पण अशी गाडी आजवर पाहिलीय कोणी? फलाटावर उभं राहिलं तर फार तर दीड डबा नजरेत मावतो आणि त्यातला निम्मा चढणाऱ्या-उतरणाऱ्यांनी झाकलेला असतो. लांबून बघावं तर पट्टा वर आहे की खाली हे ठरेपर्यंत गार्डाचा डबा निघून गेलेला असतो.

तरी या चित्रांचा मला नाद आहे. वहीच्या मागच्या पानावर मीही डबे आखते, खिडक्या काढते आणि रंगीत पेन्सिली घेऊन बसते. सुरुवातीला माझी प्रत्येक गाडी क्रीम रंगाची असायची, त्यावर गडद निळा पट्टा. जपानची पहिली बुलेट ट्रेन १९६४ मध्ये साधारण याच दोन रंगांत धावली, तेव्हा आपली आवड काही अगदीच वाईट नाही असं मी स्वतःला सांगत असे. मग ब्रेकबद्दल वाचलं आणि सगळं बिघडलं. ब्रेक लागताना घासून निघालेली लोखंडाची भुकटी डब्याच्या खालच्या अंगावर जाऊन बसते. तिला पाण्याचा हात लागला की गंज चढतो, आणि तो तपकिरी थर नुसत्या धुण्याने हलत नाही. तो काढायला आम्लाचं धुणं लागतं, ते पुन्हा रंगालाच खातं. जुन्या रेल्वे कंपन्या मरून, चॉकलेटी, बाटलीहिरव्या रंगांना इतक्या चिकटून का असायच्या, ते तेव्हा उमगलं. तो मळखाऊ रंगांचा हिशेब होता! लहानपणी आईने दप्तर निवडताना लावला, तोच.

यातून सुटायचा सर्वांत चतुर मार्ग म्हणजे डबा रंगवायचाच नाही. अमेरिकेत बड कंपनीने न गंजणाऱ्या पोलादाचे, अंगावर आडव्या वळ्या असलेले डबे बांधले आणि ते तसेच चकचकीत सोडले. मग रंगाची सगळी हौस उरली इंजिनापुरती. सँटा फे रेल्वेच्या डिझेल इंजिनांसाठी लेलँड निकरबॉकर या चित्रकाराने १९३७ मध्ये नाक लाल केलं आणि तो लाल दोन्ही गालांवरून मागे ओढून चंदेरी अंगात सोडून दिला. त्याला 'वॉरबॉनेट' म्हणतात, म्हणजे लढवय्याचा पिसांचा मुकुट. रेमंड लोवी या रचनाकाराने तर जीजी-१ या विजेच्या इंजिनावर पाच बारीक सोनेरी रेघा ओढल्या, पण त्याआधी कारखान्याला रिव्हेट सोडून वेल्डिंग करायला लावलं. अंग गुळगुळीत नसेल तर रेघ ठेचकाळणारच. हे ज्याला कळलं त्यालाच मी रंगाचा माणूस मानते.

रंगाला इतर कामंही असतात, ती मात्र चित्र काढणाऱ्याला सहसा नकोशी वाटतात. ब्रिटनमध्ये कितीही रुबाबदार गाडी काढा, तिचं तोंड पिवळं करावं लागायचं, कारण रुळावर काम करणाऱ्या माणसाला ती लांबून दिसायला हवी. पुरेसे प्रखर दिवे असलेल्या गाड्यांना २०१६ मध्ये त्यातून सूट मिळाली. (मला ती हळद लावल्यासारखी तोंडंच आवडायची.) युरोपात बऱ्याच ठिकाणी खिडक्यांच्या वरची पिवळी रेघ म्हणजे पहिला वर्ग. दाराचा रंगही भिंतीपेक्षा वेगळा ठेवतात, अधू नजरेच्या माणसाला दार सापडावं म्हणून.

पण चित्रातलं सर्वांत मोठं खोटं म्हणजे सगळे डबे एका रंगाचे असणं. डब्याला नवा रंग चढतो तो त्याची कारखान्यात मोठ्या दुरुस्तीची पाळी येते तेव्हा. म्हणून निर्णय एका दिवसात होतो, गाडी बदलायला वर्षं लागतात. तोवर नव्याच्या शेजारी जुना, जुन्याच्या शेजारी त्याहून जुना. अमेरिकेत देशभर प्रवासी गाड्या चालवणारी ॲमट्रॅक कंपनी १ मे १९७१ रोजी सुरू झाली, तेव्हा तिच्याकडे आले ते वीस खाजगी कंपन्यांचे जुने प्रवासी डबे, ज्याच्या त्याच्या रंगात. एकाच गाडीत पिवळा, हिरवा, चंदेरी, राखाडी. त्या काळाला तिथले रेल्वेवेडे आजही 'इंद्रधनुष्याचा काळ' म्हणतात. पुढे लाल-पांढरे-निळे पट्टे आले, बाणासारखं बोधचिन्ह आलं; त्याला लोकांनी नाव ठेवलं 'बिनटोकाचा बाण'. इंग्रजीत त्यातल्या 'पॉइंटलेस' शब्दाचा अर्थ 'निरर्थक' असाही होतो, म्हणजे एका दगडात दोन टोमणे. त्यानंतर पट्ट्यांची रुंदी आणि जागा इतक्यांदा बदलली की हौशी मंडळी त्यांना क्रमांकांनीच ओळखतात.

कारभाऱ्यांना तो इंद्रधनुष्याचा काळ ओशाळवाणा वाटला असेल. मला मात्र त्याचे फोटो पाहताना कुठला डबा कुठून आला असेल याचा अंदाज बांधत बसता येतं. पन्नाशीला, २०२१ मध्ये, ॲमट्रॅकने काही इंजिनांना मुद्दाम जुने पट्टे चढवले. कल्पना गोड आहे, पण आजोबांचा कोट नातवाने घालावा तसं झालं, खांद्यात बसत नाही. नाकाचा आकार बदललाय, पट्टा कुठे वळवायचा हा प्रश्न उरतोच. शिवाय रंग इतका ताजा, की जुना वाटायला वर्षभराची भुकटी हवी.

काल पुन्हा वही काढली. दहा डबे आखले, या खेपेला मरून रंग घेतला, खालच्या कडेला आधीच थोडं तपकिरी फिरवून ठेवलं. सातव्या डब्याच्या मध्यावर पेन्सिल संपली. डब्यात हिरवी होती. उरलेले साडेतीन हिरवे केले.