मुदत ठेवीमुळे लागणारी मुदतवाढ

गेली सहा वर्षे मी अमेरिकेतील माझे वैयक्तिक आयकर विवरणपत्र १५ एप्रिलला दाखल करत नाही. त्या सुमारास मी फॉर्म ४८६८ भरून सहा महिन्यांची मुदतवाढ घेतो आणि खरे विवरणपत्र सप्टेंबरमध्ये, फार तर १५ ऑक्टोबरच्या आत पाठवतो. हे इथल्या मराठी मित्रमंडळींत सांगितले की समोरच्याच्या चेहऱ्यावर मला एक जुनी कीव दिसते. मार्चमध्ये गणित राहिले आणि आता ऑक्टोबरला बसणार, असे सांगणाऱ्या मुलाकडे आमच्या लहानपणी सगळा वाडा ज्या नजरेने पाहत असे, तीच ती नजर. महिनाही नेमका ऑक्टोबरच असल्याने तो संशय अधिकच बळावतो.

मलाही सुरुवातीला मुदतवाढ मागणे म्हणजे हात पसरणे वाटत असे, आणि त्या संकोचापायीच मी पहिली मोठी चूक केली. प्रत्यक्षात या अर्जात कारण विचारलेलेच नसते. नाव, पत्ता, सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि कराचे चार आकडे एवढाच त्याचा ऐवज असून त्यावर सहीदेखील लागत नाही. पूर्वी मात्र तसे नव्हते. २००५ पर्यंत आपोआप मिळणारी मुदतवाढ चार महिन्यांची असे आणि पुढचे दोन महिने हवे असल्यास दुसरा अर्ज करून सबळ कारण द्यावे लागे. २००६ पासून पूर्ण सहा महिने एकाच अर्जावर मिळू लागले. ‘मागणे’ हा शब्द आपण अजून वापरतो खरा, पण आता ती वेळेत द्यायची एक सूचना आहे, इतकेच.

माझे कारण मात्र आहे, आणि ते भारतात आहे. वडिलांच्या पश्चात त्यांच्या काही मुदत ठेवी माझ्या नावावर, एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयाचे भारतातल्या उत्पन्नासाठीचे खाते) आल्या. अमेरिकेचा करनिवासी असलेल्या माणसाला जगभरातील उत्पन्न इथे दाखवावे लागते, त्यामुळे त्या ठेवींचे व्याजही आले. परदेशातून पाठवलेल्या पैशांच्या एनआरई खात्यावरचे व्याज भारतात करमुक्त असले तरी इथे ते करपात्रच असते, ही गोष्ट अनेकांना फार उशिरा कळते. इथपर्यंत गुंतागुंत काहीच नाही. गुंता आहे तो दोन देशांच्या दोन कॅलेंडरांचा.

अमेरिकेला जानेवारी ते डिसेंबरचे व्याज हवे असते आणि आपल्या बँकेचा दाखला एप्रिल ते मार्चचा असतो. पहिल्या वर्षी मी भावाला फोन केला आणि म्हणालो, “दादा, एप्रिल ते मार्चचं नको, जानेवारीपासूनचं हवं.” दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन आल्यावर तो म्हणाला, “अरे, त्यांना जानेवारी कुठला कळतोय? त्यांचं वर्ष मार्चला संपतं.” तेव्हापासून दोन आर्थिक वर्षांचे खातेउतारे शेजारी शेजारी ठेवून, पहिल्यातील शेवटची तिमाही आणि दुसऱ्यातील पहिल्या तीन तिमाह्या पेन्सिलीने गोल करून मी बेरीज करतो. मग ती बेरीज वर्षाच्या सरासरी विनिमय दराने डॉलरमध्ये आणतो. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते एका रविवारी उरकते आणि एवढ्यासाठी सहा महिने लागत नाहीत.

वेळ लागतो तो करासाठी. अनिवासी भारतीयाच्या एनआरओ ठेवीवर बँक साधारणपणे ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ३१.२ टक्के कर मुळातूनच कापते. भारत आणि अमेरिका यांच्यातील दुहेरी कर टाळण्याच्या करारानुसार अशा व्याजावर भारताने १५ टक्क्यांहून अधिक कर घेऊ नये असे ठरलेले आहे. जादा कापलेली रक्कम भारतात विवरणपत्र भरून परत मागायची असते. इथेच बरेच जण चुकतात. भारतात कापलेला सगळा कर अमेरिकेच्या विवरणपत्रात परदेशी कराची वजावट (तिथल्या करातून थेट वजा होणारी रक्कम) म्हणून मांडावा असे वाटते, आणि पहिल्या वर्षी मीही तेच केले. पण जी रक्कम तुम्हाला परत मिळू शकते, ती अमेरिकेच्या दृष्टीने तुम्ही भरलेला कर ठरतच नाही. वजावट मिळते ती भारतात खरोखर देय असलेल्या कराचीच. भारतातील एकूण उत्पन्न करमर्यादेच्या आत बसले, तर तो देय कर शून्यही असू शकतो.

तो देय कर किती, हे कळायला भारताचे आर्थिक वर्ष संपावे लागते. ते ३१ मार्चला संपते, म्हणजे इथल्या अंतिम तारखेच्या जेमतेम दोन आठवडे आधी. शेवटच्या तिमाहीतील कपातीचे प्रमाणपत्र जूनच्या मध्यापर्यंत येते आणि विवरणपत्र जुलैअखेरपर्यंत भरले जाते. तेव्हा १५ एप्रिलला माझ्या हातात अमेरिकेतील पगाराचा डब्ल्यू-२ असतो, बँकांचे १०९९ हे व्याजाचे दाखले असतात, भारतातील व्याजाचा आकडा असतो. फक्त भारतातील अंतिम कराचा आकडा नसतो.

पहिल्या वर्षी संकोचापायी मी १५ एप्रिललाच विवरणपत्र भरले आणि कापलेला सगळा कर वजावटीत धरला. ऑगस्टमध्ये भारतातून परतावा आला, बायकोने खात्यावरची नोंद दाखवून “हे कशाचे पैसे?” असे सहज विचारले आणि माझ्या पोटात गोळा आला. फॉर्म १०४०-एक्स भरून विवरणपत्र दुरुस्त करावे लागले. राज्याचे दुरुस्त विवरणपत्र वेगळे.

त्यातून शहाणा होऊन पुढच्या वर्षी मी मुदतवाढ घेतली आणि दुसरी, अधिक महाग चूक केली. फॉर्म ४८६८ पाठवला, पण पैसे पाठवले नाहीत. मुदत वाढली म्हणजे सगळेच पुढे ढकलले गेले, अशी माझी समजूत होती. या मुदतवाढीने विवरणपत्र दाखल करण्याची तारीख पुढे जाते, कर भरण्याची तारीख १५ एप्रिलच राहते. हे वाक्य फॉर्मवरच्या सूचनांत स्वच्छ छापलेले आहे आणि मी ते वाचले नव्हते, म्हणून दोष द्यायला दुसरे कोणी नाही.

त्या वर्षीचा हिशेब मी जपून ठेवला आहे. आम्हा दोघांचा मिळून कर ३६,००० डॉलर होता, पगारातून ३१,८०० कापले गेले होते आणि ४,२०० डॉलर बाकी होते. मूळ तारखेपर्यंत किमान ९० टक्के कर जमा असेल आणि उरलेला विवरणपत्रासोबत भरला, तर मुदतवाढीच्या काळासाठी उशिरा भरण्याचा दंड लागत नाही, केवळ व्याज लागते. ३६,००० चे ९० टक्के ३२,४०० होतात. मी ६०० डॉलरने कमी पडलो. दंड दरमहा अर्धा टक्का, म्हणजे सहा महिन्यांचे १२६ डॉलर झाले. शिवाय व्याज होते. त्याचा दर दर तिमाहीला ठरतो आणि आकारणी दररोज चक्रवाढीने होते. आमच्या उत्पन्नाला लागणारी, मागील वर्षाच्या कराच्या ११० टक्क्यांइतकी कपात पगारातून झालेली होती, म्हणून वर्षभरात आगाऊ भरायचा अंदाजित कर कमी भरल्याचा वेगळा दंड तेवढा टळला.

तरीही तो अर्ज पाठवला होता, हे नशीबच म्हणायचे. अर्ज न करता विवरणपत्रही भरले नसते, तर दाखल न करण्याचा दंड दरमहा ५ टक्क्यांनी, कमाल २५ टक्क्यांपर्यंत चढला असता. दोन्ही दंड एकाच महिन्यात लागू असतील तेव्हा पहिल्यातून दुसरा वजा होतो, म्हणून पाच महिन्यांचे २२.५ टक्के धरले तरी ९४५ डॉलर आणि वर ते १२६ होतेच. चार आकड्यांच्या त्या अर्ध्या पानाची किंमत माझ्यापुरती ९४५ डॉलर होती.

त्यामुळे आता मी सगळा जीव ओततो तो फॉर्मच्या चौथ्या ओळीत. तिथे वर्षाच्या एकूण कराचा अंदाज लिहायचा असतो. पाचव्या ओळीत आधीच भरलेला कर, सहाव्या ओळीत बाकी आणि सातव्या ओळीत तुम्ही सोबत भरत असलेली रक्कम. चौथ्या ओळीत काहीतरी ठोकून द्यायचे नसते. उपलब्ध माहितीवरून प्रामाणिक अंदाज केलेला नसल्यास मुदतवाढच रद्द ठरू शकते. मी तर विवरणपत्र जवळजवळ पूर्णच तयार करतो आणि परदेशी कराच्या वजावटीच्या जागी शून्य टाकतो. अंदाज चुकला तर माझ्या विरुद्ध बाजूला चुकावा, म्हणजे पैसे कमी पडत नाहीत. मागच्या वर्षी अंदाज ३४,००० चा होता, ३२,१०० कापले गेले होते आणि मी १,९०० च्या जागी २,३०० भरले. अंतिम कर ३३,७२० निघाला आणि जादा गेलेले ६८० डॉलर पुढच्या वर्षाच्या खात्यात वळवून घेतले.

पाठवण्याची रीत सोपी आहे. आयआरएस, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याच्या, डायरेक्ट पे या ऑनलाइन सुविधेतून पैसे भरताना कारण म्हणून मुदतवाढ निवडली, की त्या भरण्यालाच अर्ज मानले जाते आणि वेगळा फॉर्म ४८६८ पाठवावा लागत नाही. मात्र कारण आणि वर्ष दोन्ही नीट तपासून निवडावे, कारण एप्रिलमध्ये त्या यादीत मागचे आणि चालू अशी दोन्ही वर्षे दिसतात. पावतीचा क्रमांक मी छापून त्या वर्षाच्या फायलीत पहिल्या पानावर लावतो. परतावा येणार असेल आणि काहीच भरायचे नसेल, तर फॉर्म ऑनलाइन पाठवता येतो आणि आयआरएसच्या फ्री फाइल या मोफत सुविधेतून तो पाठवायला उत्पन्नाची अट नाही.

काही गोष्टी मुदतवाढीने हलत नाहीत. आयआरए या निवृत्तीसाठीच्या बचत खात्यात मागील वर्षासाठीचे पैसे १५ एप्रिलपर्यंतच टाकावे लागतात. चालू वर्षाच्या अंदाजित कराचा पहिला हप्ताही त्याच दिवशी देय असतो, म्हणजे एकाच आठवड्यात खिशाला दोन कात्र्या. राज्यांचे नियम निरनिराळे आहेत. कॅलिफोर्नियात अर्जाशिवाय सहा महिने मिळतात, न्यूयॉर्कमध्ये आयटी-३७० हा वेगळा अर्ज करावा लागतो, आणि पैसे दोन्हीकडे एप्रिलमध्येच भरायचे असतात. परदेशातील खात्यांची वर्षात कधीही एकत्रित शिल्लक १०,००० डॉलरच्या वर गेली असेल, तर द्याव्या लागणाऱ्या एफबारची, म्हणजे त्या खात्यांच्या अहवालाची, गोष्ट उलट आहे. त्याची तारीख काहीही न करता १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते.

आणखी एक समज आमच्यात फार पसरलेला आहे. १५ एप्रिलला आपण भारतात असलो, तर १५ जूनपर्यंतची सवलत आपोआप मिळते असे अनेक जण मानतात. ती सवलत ज्यांचे राहण्याचे आणि कामाचे मुख्य ठिकाण अमेरिकेबाहेर आहे त्यांच्यासाठी आहे. भाचीच्या लग्नाला चार आठवडे नागपूरला गेलेल्या माणसाला ती लागू होत नाही. माझ्या एका स्नेह्याने विमानतळावरून मला हे विचारले, तेव्हा तारीख १३ एप्रिल होती. त्याने तिथेच बसून, सामान चेक-इन करण्याआधी, फोनवरून पैसे भरले.

यंदाचे भारतातील विवरणपत्र दादाच्या ओळखीच्या सीएने जुलैत भरले. परतावा अजून आलेला नाही, पण देय कराचा आकडा आता ठरला आहे. फायलीत एप्रिलपासून शून्य लिहिलेली वजावटीची जागा येत्या रविवारी भरायची आहे. पेन्सिलीने गोल केलेल्या चार तिमाह्यांची बेरीज बायकोने एकदा वेगळी करून पाहायची, असे आमचे ठरले आहे, कारण मागच्या वर्षी माझ्या बेरजेत एक तिमाही दोनदा आली होती.