उणे चौदा

सांगलीत मी लोकांचे जमाखर्च लिहितो. व्यापाऱ्यांची बिलं, जीएसटीची रिटर्नं, मार्चअखेरची जाग्रणं, वीस वर्षं हेच चाललंय. कुणाच्या वहीत चोवीस रुपयांचा फरक आला तरी शोधून काढल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. म्हणून हे सांगायला जरा लाजच वाटते, की स्टेलारिस नावाच्या, अंतराळात साम्राज्य उभारायच्या कॉम्प्युटर गेममध्ये चोवीसचाच एक फरक मला तीन संध्याकाळ सापडला नाही. तोही अख्खा वेळ डोळ्यांसमोर, वरच्या पट्टीत, लाल अक्षरांत.

मी हा गेम आला तेव्हापासूनचा. २०१६च्या मे महिन्यात आला, जूनमध्ये मी घेतला. तेव्हाचा कारभार साधा होता. ग्रह म्हणजे चौकोनांची पाटी, जास्तीत जास्त पंचवीस चौकोन. एका चौकोनात एक पॉप, म्हणजे लोकसंख्येचा एक नग, आणि एक इमारत. राजधानीच्या इमारतीला लागून काय बांधायचं एवढंच डोकं लावायचं. शाळेच्या चौकटीच्या वहीत गणित मांडल्यासारखं. २०१८ मध्ये धाकटी झाली आणि गेम सुटला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी ते चौकोन काढून टाकले, हे मला पाच वर्षांनी कळलं. २०२३च्या पावसाळ्यात सलग चार दिवस बाहेर पडता येईना, तेव्हा पुन्हा डाउनलोड केला आणि राजधानीचा ग्रह उघडला. चौकोन गायब. त्यांच्या जागी डिस्ट्रिक्ट (ग्रहाचे विभाग), जॉब, हाउसिंग, अमेनिटीज (सुखसोयी) आणि स्टॅबिलिटी (स्थैर्य).

सुरुवात काही अवघड गेली नाही. शोधनौका फिरवणं, नवी सूर्यमंडळं ताब्यात घेणं, पहिल्या दोन वसाहती वसवणं, सगळं हाताला आठवत होतं. राजधानीचं नाव सांगली ठेवलं, दुसऱ्या ग्रहाचं मिरज, तिसऱ्याचं तासगाव. सांगलीत प्रयोगशाळा, मिरजेत कारखाने आणि थोड्या खाणी, तासगावात शेती. सगळ्या आकड्यांपुढे अधिक. मी खूश.

पुढचं समजायला २०२३च्या त्या आवृत्तीची एक गोष्ट माहीत हवी. तिच्यात इमारत काहीच पिकवत नाही, माणूस पिकवतो. इमारत किंवा डिस्ट्रिक्ट फक्त नोकरीच्या जागा काढतं. खाणकामगार महिन्याला चार मिनरल्स देतो. मेटलर्जिस्ट सहा मिनरल्स घेऊन तीन अलॉय देतो, ज्यातून जहाजं बनतात. आर्टिझन सहा मिनरल्स घेऊन सहा कन्झ्युमर गुड्स देतो. कन्झ्युमर गुड्स म्हणजे साबण, कपडे, भांडीकुंडी, लोकांना घरी लागतं ते सगळं. वर प्रत्येक शास्त्रज्ञ संशोधनासाठी महिन्याला दोन गुड्स खातो, ते वेगळे. टक्केवारीचे बोनस धरले की यात अपूर्णांक येतात, ते इथे सोडून देतो.

त्या शनिवारी माझ्याकडे कन्झ्युमर गुड्स महिन्याला अधिक एकोणीस होते. सांगलीत दोन नव्या प्रयोगशाळा तयार झाल्या, म्हणजे चार शास्त्रज्ञ, म्हणजे आठ खर्च. मजुराचा शास्त्रज्ञ झाला की त्याची राहणीही वाढते, तो खर्च धरून अधिक दहाच्या आसपास उरायला हवे होते. हिशोब कागदावर केला होता. सवय आहे.

त्याच संध्याकाळी भाच्याचा फोन आला. तो पुण्यात इंजिनिअरिंगला आहे आणि हा गेम त्याचा पाठ आहे. मी कौतुकाने आकडे वाचून दाखवले.

"मामा, अलॉय एवढेच? शेजारी येऊन तुझी मिरज उचलून नेईल. कारखान्याचा ग्रह फोर्ज वर्ल्ड कर आधी."

केला. ग्रहाच्या पानावर एक चिन्ह असतं, त्यावर क्लिक करून ग्रहाची ओळख बदलता येते, तिला डेसिग्नेशन म्हणतात. एका क्लिकचं काम. अलॉय बारानं वाढले. फोनवरच भाच्याला शाबासकी दिली आणि जेवायला उठलो.

जेवून आल्यावर पाहतो तर कन्झ्युमर गुड्स उणे चौदा.

मी काय केलं ते क्रमाने सांगतो, कारण इथला प्रत्येक निर्णय त्या वेळी शहाणपणाचा वाटत होता. प्रयोगशाळा नुकत्याच उघडल्या होत्या, म्हणजे दोष त्यांचा. एक बंद केली. आकडा उणे दहावर आला. वाटलं, चला, दिशा बरोबर आहे. पण त्या दोन शास्त्रज्ञांनी नोकरी गेल्यावर खाणीत उतरायला साफ नकार दिला. गेमचा तेव्हाचा नियमच तसा. मजूर वरच्या नोकरीवर लगेच चढतो, वरचा मात्र खाली यायला वर्षं घेतो. तोवर बेकार बसून खातो आणि कुरकुर करतो. एमए होऊन घरी बसलेली माणसं आपल्याही ओळखीत असतात, त्यामुळे मला त्यांचा फार राग आला नाही.

मग विचार केला, गुड्स कमी पडतात तर कारखाने वाढवू. मिरजेत आधीच चार इंडस्ट्रियल डिस्ट्रिक्ट होती, आणखी दोन टाकली. प्रत्येकातून एक आर्टिझन, एक मेटलर्जिस्ट. बांधकाम होईपर्यंत वेग वाढवून वाट पाहिली. डिस्ट्रिक्ट झाली. मिरजेच्या खाणीतले चार कामगार पहार टाकून तिकडे पळाले, कारण ती वरच्या दर्जाची नोकरी. मिनरल्सचं उत्पन्न चाळीसनं कोसळलं. अलॉय आणखी वाढले. कन्झ्युमर गुड्स उणे दहा. एकही नाही हलला.

हे मला दिसलं नाही असं नाही. दिसलं, आणि मी त्याचा अर्थ 'अजून महिना भरला नसेल' असा लावला. या गेममध्ये जमाखर्च एक तारखेला होतो, पगारासारखा. एक तारीख आली आणि गेली. मग पुढची. आकडा तसाच.

रविवारी मी एक व्हिडिओ बघितला. कुणाचा ते सांगत नाही. अडीच तासांचा होता, माणूस समजावत छान होता, आणि व्हिडिओ कुठल्या आवृत्तीचा आहे हे कुठेच म्हणत नव्हता. त्याचं म्हणणं, साम्राज्य मोठं झालं की प्रशासनाची मर्यादा ओलांडते आणि सगळं बिघडतं, उपाय म्हणून ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिस बांधा. मी बांधलं. कारकून, म्हणजे ब्युरोक्रॅट, बसले. साम्राज्याच्या आकाराचा आकडा तसूभर कमी झाला नाही. फेब्रुवारी २०२२च्या ३.३ आवृत्तीपासून कारकून ती मर्यादा वाढवतच नाहीत, ते फक्त युनिटी नावाचे गुण देतात. म्हणजे त्यांनी माझ्यासाठी काहीच केलं नाही, वर तेही कन्झ्युमर गुड्स खातात. आकडा परत उणे चौदा. जिथून निघालो तिथेच, मध्ये खाणी ओस पडलेल्या. त्या अडीच तासांचा राग मला अजून आहे.

जुना सेव्ह उघडता आला असता तर विषय मिटला होता. पण मी आयर्नमॅन लावून बसलो होतो. त्यात एकच सेव्ह असतो, मागे जाता येत नाही. तो का लावला? कारण भाचा लावतो.

सोमवारी रात्री साठा शून्यावर गेला. टंचाईचा इशारा आला. लोकांचा आनंद घटला, त्याच्याबरोबर स्टॅबिलिटी घसरली, आणि ती पन्नासच्या खाली गेली की सगळ्यांचंच उत्पादन घटतं, म्हणजे खड्डा आणखी खोल. मी कपाळाला हात लावून बसलेलो. बायको पाण्याची बाटली घेऊन आत आली.

"अहो, कुणाचं काय थकलंय का?"

"सामान संपलंय."

"कुठलं?"

"सगळ्या ग्रहांवरचं."

तिने स्क्रीनकडे एकदा पाहिलं. "मग दुकानातून आणा की."

बाजार! सुरुवातीपासून उघडा असतो, आणि मी त्याकडे वळूनही पाहिलं नव्हतं, कारण माझ्या काळी तो नव्हताच. एनर्जी, म्हणजे गेममधलं तेव्हाचं चलन, देऊन काहीही घेता यायचं. बाजाराचं कमिशन सुरुवातीला तीस टक्के असतं आणि आपण जितकं घेऊ तितका भाव चढतो. पण दरमहा अमुक इतकं घ्या असं लावून ठेवता येतं. मी दरमहा पंधरा गुड्स लावले आणि तासगावचं जादा धान्य विकायला काढलं. रक्तस्राव थांबला. डोकंही थोडं थंड झालं.

थंड डोक्याने मी पहिल्यांदा ते केलं जे ऑफिसात कुठल्याही वहीवर पहिल्या मिनिटाला करतो: तपशील मागितला. वरच्या पट्टीतल्या आकड्यावर माउस नेऊन नुसता थांबलो. खाली यादी उघडली, कुठून किती येतं, कुठे किती जातं. पण त्या यादीत मिरजेचे आर्टिझन शोधायला गेलो तर एकही नाही. सहा इंडस्ट्रियल डिस्ट्रिक्ट आणि आर्टिझन शून्य. मिरजेचं पान उघडलं. बारा मेटलर्जिस्ट.

त्या आवृत्तीत फोर्ज वर्ल्ड केलं की इंडस्ट्रियल डिस्ट्रिक्टमधल्या आर्टिझनच्या जागा मेटलर्जिस्टच्या व्हायच्या. सगळ्या. त्या शनिवारी एका क्लिकने चार आर्टिझन गेले. चार सक चोवीस. अधिक दहा आणि उणे चौदा यांतला फरक तोच. दोन्ही एकाच दर्जाच्या नोकऱ्या, म्हणून कुणी बेकार झालं नाही, इशारा आला नाही. दोघंही मिनरल्स तेवढेच खातात, म्हणून तो आकडाही बिघडला नाही. आणि मी मोठ्या हौसेने नंतर जी दोन डिस्ट्रिक्ट बांधली, त्यांतूनही चार मेटलर्जिस्टच निघाले.

डेसिग्नेशन इंडस्ट्रियल वर्ल्ड केलं. सहा आर्टिझन कामाला लागले. बाजारातली खरेदी काढून टाकली. पुढच्या एक तारखेला अधिक बावीस, हिरव्या अक्षरांत. रात्रीचा दीड वाजला होता. बायकोला उठवून सांगावंसं वाटलं, नाही सांगितलं.

भाच्याला दुसऱ्या दिवशी फोन केला. तो म्हणाला, "मामा, तुझ्याकडे फॅक्टरीचा वेगळा ग्रह नव्हता? मग फोर्ज कशाला केलास?" त्याचं बरोबर होतं, म्हणून मी काही बोललो नाही. दोन कारखानदार ग्रह असतील तर एक फोर्ज आणि एक फॅक्टरी करावा, फायदा होतो. एकच असेल तर त्याला हात लावू नये.

परत येणाऱ्यांसाठी, २०२३च्या आवृत्तीला धरून, आठवेल तसं सांगतो. बेकार दिसल्याशिवाय नवी इमारत बांधू नका. रिकामी इमारतही देखभालीचा खर्च खाते, आणि चौकोनांच्या काळातली आपली सवय आधी बांधून ठेवायची असते. नोकऱ्यांच्या यादीत प्रत्येक जागेपुढे वजाचं चिन्ह असतं, त्याने जागा कमी करता येतात. खाणीतली माणसं पळत असतील तर वरच्या जागा थोड्या दिवस बंद करा. हे मला शनिवारी कळलं असतं तर निम्मं वाचलं असतं. सिटी डिस्ट्रिक्टमधून निघणारी क्लार्कची नोकरी फारशी कामाची नसते, तिथे सुरुवातीला माणसं अडकवू नका. एकाच वेळी दोन गोष्टी बदलू नका. एक बदला, एक तारीख जाऊ द्या, मग दुसरी. स्पेस बारने वेळ थांबतो, हुकूम थांबलेल्या वेळेतही देता येतात, त्यात कमीपणा नाही. व्हिडिओ बघाल तर तारीख बघून. आणि आयर्नमॅन दुसऱ्या-तिसऱ्या डावाला.

तो डाव मी २३४० सालापर्यंत खेळलो. शेजाऱ्याने मिरज उचलली नाही, उलट त्याचे दोन ग्रह माझ्याकडे आले.

मग मे २०२५ मध्ये ४.० आवृत्ती आली. आधी एक पॉप होता तिथे आता शंभर मोजतात, बाजारात एनर्जीऐवजी ट्रेड द्यावा लागतो, डिस्ट्रिक्टची रचना पुन्हा बदललेली, त्यांत झोन नावाचे भाग आलेले. जुन्या डावांची सोय आहे: स्टीममध्ये गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, बीटाज, तिथे मागच्या आवृत्त्या निवडता येतात. सांगली, मिरज, तासगाव मी तिथे ठेवून दिलेत.

नवा डाव काल सुरू केला. १ जानेवारी २२००, वेळ थांबवलेली. पाऊण तास झाला, एकही हुकूम दिलेला नाही, एकेका आकड्यावर माउस नेऊन वाचत बसलोय. भाच्याचा मेसेज आला होता, "मामा, झोन नीट बघून लाव." आयर्नमॅन लावलेला नाही, हे त्याला सांगितलेलं नाही.