तीन शिट्ट्यांचा अभ्यास

घरी बसून अभ्यास करायचा ठरला की आधी वेळापत्रक तयार होतं. सहा ते आठ इतिहास, आठ ते दहा गणित. पट्टीने रेघा मारलेल्या, विषयागणिक पेनाचा रंग वेगळा. या देखण्या कागदावर सगळं असतं, फक्त दूध तापवणं नसतं. कुकर लावणं, कणीक भिजवणं, मेथी निवडणं हेही नसतं. दिवस मात्र त्यांच्याच तालावर चालतो आणि गणिताला त्यांच्या मधल्या फटींत बसावं लागतं.

या फटी सगळ्या सारख्या नसतात. काही कामं माणसाला हाक मारतात, काही मारत नाहीत, आणि सगळी गंमत या फरकात आहे.

दूध हाक मारत नाही. अर्धा लिटरची पिशवी मध्यम आचेवर सहा-सात मिनिटांत तापते. त्यातली पहिली पाच मिनिटं ते इतकं शांत असतं की पुस्तक उघडायचा मोह होतोच. तापताना वर साय धरते, खालची वाफ तिच्याखाली अडकते आणि मग दूध एकदम वर येतं. ‘एवढा परिच्छेद वाचून उठते’ असं म्हणणाऱ्यांचेच ओटे दुधाने धुतले जातात. पातेल्यावर आडवा लाकडी उलथना ठेवला तर फेस त्याला लागून फुटतो, पण त्याने थोडीच उसंत मिळते, पूर्ण अभय नाही. शिट्टीवालं दुहेरी भांडं हा खरा उपाय. त्याच्या दोन भिंतींमधल्या पोकळीत पाणी भरायचं. दुधाला थेट आच लागत नाही, म्हणून ते उतू जात नाही. एक अट आहे, पोकळीतलं पाणी संपलेलं नसावं. ज्यांच्याकडे हे भांडं नाही त्यांनी दुधापाशी उभं राहून पाढे म्हणावेत. एकोणिसाचा पाढा दोनदा म्हणून होतो.

कुकर मात्र अभ्यासू माणसाचा सच्चा मित्र. तो ओरडून बोलावतो. तळाला दोन पेले पाणी आणि लिंबाची वापरलेली फोड टाकावी, म्हणजे ॲल्युमिनियम आतून काळं पडत नाही. खालच्या डब्यात एक वाटी तूरडाळ, अडीच वाट्या पाणी, हळद, हिंग आणि चार थेंब तेल. तेलाने डाळीचा फेस आवरतो, एरवी तो शिट्टीपर्यंत चढून तिची नळी बुजवतो. वरच्या डब्यात एक वाटी तांदूळ. जुना कोलम असेल तर दोन वाट्या पाणी, नवा आंबेमोहोर किंवा इंद्रायणी असेल तर दीडच. नाहीतर भात चमच्याने वाढण्याऐवजी कालथ्याने उचलावा लागतो. आमसूल किंवा चिंच या वेळी अजिबात नको. आंबटाने डाळ शिजत नाही. बोअरच्या जड पाण्यानेही ती दाताखाली येते. अशा वेळी दोष गॅसला दिला जातो, तो बिचारा निर्दोष असतो.

झाकण लावल्यापासून पहिली शिट्टी व्हायला सात-आठ मिनिटं. हा काळ नव्या धड्यासाठी उत्तम, कारण तोवर घरात कुणीच बोलावत नाही. पुढे मात्र तो सनातन प्रश्न उभा राहतो: ही दुसरी की तिसरी? पायथागोरसचा सिद्धान्त अर्ध्यावर असताना शिट्ट्या मोजणं कुणाला जमलेलं नाही. समासात पेन्सिलीने एकेक काडी मारावी. जुन्या पाठ्यपुस्तकांच्या समासांत दिसणाऱ्या त्या गूढ उभ्या रेघा खुणेच्या नसून वरणाच्या असण्याची शक्यता बरीच आहे.

खरं तर शिट्ट्या मोजणंच थोडं भाबडं आहे. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या भराभर होतात आणि डाळ कच्ची राहते. डाळ शिजते ती वाफ कोंडली गेल्यानंतर, जवळजवळ 120 अंशांच्या उष्णतेत, जितका वेळ राहते त्यावर. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून आठ-दहा मिनिटं ठेवणं जास्त भरवशाचं. मग गॅस बंद, आणि वाफ आपोआप जिरू द्यायला आणखी दहा-बारा मिनिटं. ही दिवसातली सर्वांत मौल्यवान फट. काही करायचं नाही, काही करपत नाही. मघाशी वाचलेला सिद्धान्त न बघता लिहून काढावा. शिट्टी न होता कडेने वाफ फुसफुसत असेल तर गास्केट सैल झालंय. गॅस बंद करावा, वाफ गेल्यावर झाकण काढून गास्केट गार पाण्याखाली धरावं. तेवढ्याने एक वेळ निभावते, पण बाजारात गेल्यावर नवीन आणायचं विसरू नये. विसरतातच.

कणकेला वीसेक मिनिटं मुरावं लागतं, तो वेळ पुस्तकाचा. पोळ्या लाटताना मात्र हात आणि डोळे दोन्ही अडकलेले. मग कविता म्हणावी, सनावळी म्हणावी. चुकली तरी पोळीला कळत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट बसतच नाही, ती म्हणजे सराव परीक्षा. दहावीचा भाषेचा पेपर 80 गुणांचा, तीन तासांचा, आणि बोर्डाची सकाळची वेळ अकराची. घरात तीच नेमकी फोडण्यांची वेळ. सलग तीन तास घरात फक्त तेव्हाच सापडतात, जेव्हा साडेदहाच्या आत स्वयंपाक उरकून ओटा पुसलेला असतो. गणित भाग एकचा पेपर 40 गुणांचा, दोन तासांत आटोपतो, त्यामुळे त्या दिवशी भाजी एक जास्त करता येते.

टीव्हीचं प्रकरण वेगळं. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा प्रक्षेपण संध्याकाळपुरतंच असे, त्यामुळे भांडणही संध्याकाळपुरतं असणार. आता टीव्ही कधीच मिटत नाही. आवाज कमी करून पुस्तक उघडणं हा सर्वांत वाईट तह. मंद आवाजातलं अर्धं वाक्य पकडायला कान जास्त ताणले जातात आणि धडा कोराच राहतो. टीव्ही डोक्याच्या कामाशी जमवून घेत नाही, हाताच्या कामाशी छान जमवतो. मेथीची जुडी, लसणाच्या पाकळ्या, मटार. किलोभर शेंगांतून निम्म्याहून थोडे कमीच दाणे निघतात, आणि ते सोलायला मालिकेचा एक भाग पुरतो. मालिका कानांनी बघता येते हे तिचं मोठेपण: कोण दारात उभं आहे ते पार्श्वसंगीत तीनदा सांगतं, मान वर करायची गरज नाही. क्रिकेटला ही सवलत नाही. झेल सुटला की शेंगेबरोबर दाणेही टरफलांत जातात.

नियमानुसार वाहिन्यांना तासाला बारा मिनिटांपर्यंतच जाहिराती दाखवता येतात, त्यातली दोन स्वतःच्या कार्यक्रमांच्या. म्हणजे अर्ध्या तासात सहाएक मिनिटं. त्यात वरणाला फोडणी होते. मोहरी पूर्ण तडतडेपर्यंत थांबलं पाहिजे. घाई केली तर ती कडू लागते, मग तिकडे सून घरात आली काय आणि गेली काय.

रात्री शेवटची दोन कामं. वाटीभर मटकी धुऊन भिजत घालायची, सकाळी उपसून फडक्यात बांधायची, संध्याकाळपर्यंत मोड दिसू लागतात. आणि दूध बोट सोसेल इतकं कोमट असताना त्याला चमचाभर विरजण लावायचं, ढवळायचं, भांडं उबेला ठेवायचं आणि मग अजिबात हलवायचं नाही. दोन्हीकडे आता कुणी उभं राहायला नको. टीव्ही बंद झालेला असतो, पुस्तकात खूण म्हणून विजेचं बिल असतं, आणि वेळापत्रकावर कुणीतरी गरम पातेलं टेकवल्याचा गोल डाग.